गुरुजींचे डबे

एका राज्यात राजा होता, कारण सिंहासन रिकामं बरं दिसत नाही. त्याचं नाव चंडप्रताप. कोणी काही विचारलं की तो म्हणे, "गुरुजींना विचारून सांगतो."

गुरुजी म्हणजे राजगुरू मणिभद्र, मोठा मांत्रिक. राज्यातली हुशार मुलं निवडून तो विद्या शिकवी. ज्याच्यावर मर्जी बसे, त्याला भेट देई. एक, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक भेट तांब्याच्या डब्यात. तिसरी भेट मिळाली की ते मूल दिसेनासं होई. "पुढच्या शिक्षणाला धाडलं," गुरुजी सांगत. मूल गेलं की गुरुजींच्या बागेत एक नवा पक्षी येई. जेवढी मुलं गेली, तेवढे पक्षी आले. कोणी मोजले नाहीत. मोजायला शिकवणं गुरुजींनी कधीच बंद केलं होतं.

त्या राज्यात पक्षी बोलायचे, त्यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की गुरुजींच्या बागेतले पक्षी "हो, गुरुजी" याखेरीज काही बोलत नसत.

तर चिमा कुंभारणीची मुलगी सगुणा. रुसलेल्या विहिरींना हसवायची विद्या ती गुरुजींकडे शिकत होती. विहीर हसली की पाणी येतं. सगुणानं एक विहीर गालातल्या गालात हसवली होती. गुडघाभर पाणी आलं होतं. राज्यातल्या बाकीच्या विहिरी तोंड फुगवून बसल्या होत्या, आणि त्या सगळ्या हसवायच्या, हा तिचा हट्ट होता.

एके दिवशी सगळे घरी गेले आणि गुरुजींनी तिला थांबवलं.

"सगुणे, तू इतरांसारखी नाहीस. हे घे."

डब्यात आंबा होता. दिवाळीच्या दिवसांत पिकलेला आंबा.

"फक्त तुला. कोणाला सांगू नकोस. आणि डबा परत आणायचा नाही."

सगुणाला बरं वाटलं. कसंसंही वाटलं. बरं वाटलेलं जास्त होतं, म्हणून तिनं आंबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बाजारात सुतारानं हाक मारली, "पोरी, तीन पायांचे चौरंग घेतेस का?"

"हो," सगुणा म्हणाली, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

पुढे धनगर भेटला. "माझ्या बोकडाचं बारसं आहे. आत्या होशील?"

"हो."

सगुणानं बोकडाच्या कानात नाव सांगितलं, धैर्यशील, आणि लंगडे चौरंग डोक्यावर घेऊन घरी आली. 'नाही' म्हणायला जावं तर शब्द घशात अडके, आणि बाहेर पडे तो 'हो'.

छपरावर टिटवी बसली होती. "आंबा खाल्लास ना? मंजुळानंही खाल्ला होता."

मंजुळा ही सगुणाची जिवलग. दसऱ्याला 'पुढच्या शिक्षणाला' गेली, ती गेलीच.

"कुठंय मंजुळा?"

"बागेत. पिवळी झालीय. दिवसभर 'हो, गुरुजी' करते. तिसरा डबा हातात आला की तुझंही तेच."

"यावर उपाय काय?"

"मी टिटवी आहे. मला ओरडता येतं. उपाय तुझा तू शोध."

तेवढ्यात आई कडाडली, "हा डबा कोणाचा गं? दुसऱ्याचं भांडं घरात ठेवलंस? आणि तेही रिकामं?"

त्या राज्यात भांडं भरून आलं की भरूनच परत जाई. वैऱ्याच्या घरचं असलं तरी. चिमूटभर साखर घाला, चार चिंचा घाला, पण रिकामं धाडायचं नाही आणि ठेवून घ्यायचं तर मुळीच नाही. जादूसुद्धा तिथं रीतीवरच चाले. सगुणा डब्याकडे बघत राहिली. भांडं परत गेलं की देणंघेणं फिटतं. म्हणजे गुरुजींना ते फिटायलाच नको होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा "सगुणे, थांब." पुन्हा डबा. आत चांदीचे पैंजण.

"यांचा आवाज फक्त मला येईल. तू कुठं आहेस ते मला कळत राहील. काळजी वाटते गं तुझी. घेशील ना?"

'नाही' घशात अडकलं. पण 'हो' किती मोठ्यानं म्हणायचं, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

"होऽऽ!" सगुणा अशी ओरडली, की बागेतले पक्षी फांद्यांवरून घसरले. "कुंभारआळीच्या सगुणाला गुरुजींनी पैंजण दिले होऽऽ! फक्त गुरुजींनाच ऐकू येणारेत होऽऽ!"

"अगं, हळू बोल."

"होऽऽऽ!"

टिटवीनं तेच उचललं आणि गावभर, आळीआळीनं, राजवाड्याच्या सज्जावर बसूनसुद्धा ऐकवलं.

गुरुजींनी घाई केली. "उद्या सकाळी मनोऱ्यावर ये. एकटी."

"हो."

घरी आई म्हणाली, "मी येणार."

"एकटीच ये म्हणालेत."

"हो तू म्हणालीस. मी कुठं म्हणाले?" आईपाशी 'नाही' रांजणभर शिल्लक होते.

सकाळी मनोऱ्यावर सगुणा आली, आई आली, मागून अख्खी कुंभारआळी आली. राजाही आला, कारण टिटवीनं त्याला झोपू दिलं नव्हतं.

मणिभद्रानं तिसरा डबा उघडला. आत सोन्याचं पीस. "केसात खोव. तुला घडवलं कोणी? मी. आता मी सांगेन तिथं उंच जाशील."

"आधीचे डबे घ्या, गुरुजी."

"परत आणू नकोस म्हणालो होतो."

"रीत आहे."

पहिल्या डब्यात सगुणाच्या हातच्या कुरडया होत्या. "घ्या हो, तळून खा," आई म्हणाली, आणि डबा गुरुजींच्या हातात कोंबला. सगुणाच्या घशातली गाठ सैल झाली.

"आणि दुसऱ्यात?" मणिभद्रानं विचारलं.

"तुमचेच पैंजण. तुम्ही घाला. तुम्ही कुठं असता ते आम्हालाही कळू दे."

गाठ सुटली. मणिभद्राचा चेहरा काळाठिक्कर पडला. "एवढं दिलं तुला, त्याची ही परतफेड? पीस घेतलं नाहीस तर विद्याही बंद! विहिरी जन्मभर तशाच राहतील!"

विहिरी सगुणाला प्राणाहून प्रिय होत्या. तरी ती जागची हलली नाही.

"मी विद्या मागितली होती. ती सगळ्यांसमोर शिकवा, मी शिकेन. बाकीचं मी मागितलं नव्हतं."

"घे म्हणतो ना!"

"नाही."

इतके दिवस कोंडलेला शब्द. तो मनोऱ्यावरून निघाला, वेशीवर आदळला, आणि रुसलेल्या विहिरींनी तो ऐकला. गुरुजींचं तोंड त्यांनाही दिसत होतं. आधी एक फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळ्या विहिरी पोट धरधरून हसल्या आणि काठोकाठ भरल्या.

मग आयाबाप घराकडे धावले. पोरांचे डबे त्यांनी कौतुकानं फळीवर मांडून ठेवले होते. कोणी मीठ भरलं, कोणी पापड, एकानं गडबडीत जिवंत कासव. डबे आले, मणिभद्राच्या अंगावर ढीग झाला, आणि एकेक पक्षी माणूस होऊन खाली पडू लागला. मंजुळा धपकन पडली आणि म्हणाली, "मला ते किडे कधीच आवडले नव्हते."

राजानं मुकुटाचा डबा आणला. त्यातही गुरुजींची भेट आली होती. त्यानं आत दोन लाडू ठेवले, डबा ढिगावर ठेवला, आणि गरजला, "नाही!"

"कशाला नाही, महाराज?"

"अजून ठरवलं नाही. म्हणून बघितलं."

लोकांनी टिटवीला विचारलं, "तू कोणाची गं?" टिटवी म्हणाली, "मी टिटवीच आहे. इथं खायला बरं मिळायचं."

चोरलेले सगळे 'नाही' जिकडचे तिकडे गेले. मणिभद्रापाशी एकही उरला नाही. सुतारानं विचारलं, "तीन पायांचे चौरंग घेता का?" "हो," मणिभद्र म्हणाला. धनगर म्हणाला, "धैर्यशीलचे कान टोचायचेत. मामा व्हाल? मांडीवर घेऊन बसावं लागेल."

"हो."

राजा सगुणाला म्हणाला, "आजपासून तू राजगुरू. भेट म्हणून अर्धं राज्य घे."

"शिकवेन. राज्य नको."

"मग पाऊण?"

"महाराज, ते परत द्यायला एवढा डबा कुठून आणू?"

सगुणानं पाठशाळेची दारं काढून टाकली. वर्ष सरलं की ती प्रत्येक मुलाला स्वतः घडवलेली एकेक पणती देई, सगळ्यांना सारखी, आईबापांच्या देखत. एक पोर म्हणालं, "मला नको." सगुणा म्हणाली, "बरं," आणि पुढचा धडा सुरू केला.

त्यांची भांडी भरून परत गेली, विहिरी अजून हसतात. ही गोष्ट आता तुमच्याकडे आली आहे. नको असेल तर सरळ नाही म्हणा. ठेवून घेतलीत तर भांडं रिकामं धाडू नका.