मागाईला पहिला पाय

आमच्या साळपिंपरीच्या देवळात मूर्ती नाही. गाभाऱ्यात कमरेइतका खड्डा आणि त्यावर एक जुना लाकडी हातमाग आहे. हीच आमची मागाई. घटस्थापनेला तिच्या खालच्या, विणताना पायानं दाबायच्या पट्टीला पाय लावतात, ते पाहून परगावच्या बायका तोंडावर हात ठेवतात. त्यांच्यासाठी ही हकिगत, सासूबाईंनी सांगितली तशी लिहिते.

फार मोठी मंदी आली होती म्हणे. शहरात गिऱ्हाईक उरलं नाही, विणलेली लुगडी घडीची घडी पडून राहिली. गावात साठ माग, साठही गप्प. मग सरकारला दया आली. दया म्हणजे एक तंबू, दोन कारकून आणि एक साहेब. ओढ्याअलीकडचे दगड पुरुषांनी पलीकडे न्यायचे आणि पुढच्या पंधरवड्यात तेच अलीकडे आणायचे, याला काम म्हणत. बायकांना साबण करायला शिकवलं. तो विकत कोण घेणार, हे कुणी विचारलं नाही. काटकसरीवर व्याख्यानही झालं. आठवड्यातले तीन वार उपास करणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून ते ऐकत बसल्या. देवानं सगळ्यांनाच थोडी थोडी बुद्धी दिली आहे. साहेबाच्या वेळी हात आखडला असेल.

ज्वारी मिळे ती फक्त निराधारांना. ज्याच्या घरी माग, तो निराधार कसला? तेव्हा आधी माग मोडा, लाकूड तंबूपुढे टाका आणि मग ज्वारी न्या, असा नियम निघाला. भुकेपुढे कोणाचं चालतं? एकोणसाठ घरांनी माग मोडले. त्या लाकडांवर कारकुनांचा चहा व्हायचा, असे सांगतात.

साठावा भिवराबाईचा. तिचा नवरा दगड उचलून कंबर धरून बसलेला, घरात सासू ठकूबाई आणि पाळण्यात सहा महिन्यांची लेक. साहेब स्वतः आले, तर मागावर हळदकुंकू, खणाची घडी आणि पुढे समई.

“हा माग आहे,” साहेब म्हणाले.

“देवी आहे.”

“लाकूड आहे, बाई.”

“तुमची खुर्ची तरी कशाची आहे, साहेब? पण गाव वाकतंच ना तिला.”

देवाला हात लावायला सरकारची मनाई, असं कारकून कानात कुजबुजला. तेव्हा साहेबांनी तिला शपथ घ्यायला लावली. भिवराबाईनं तुळशीपत्र हातात घेऊन त्या मागाला देवी म्हटलं. माग वाचला, ज्वारीही मिळाली.

दोन महिन्यांनी तंबू उठला; आला तसा गेला. पाठोपाठ व्यापारी सूत घेऊन आला, लुगड्यांना पुन्हा मागणी होती. गावात माग उरला होता एकच. सुतार त्याच्या मापानं नवे करायला तयार होता, पण पहिलं लुगडं विकल्याशिवाय लाकडाला पैसा कुठला? बायकांनी मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवून दिला. भिवराबाई मात्र खड्ड्यात उतरेना. तुळशीपत्र हातात धरून जिला देवी म्हटलं, तिला पाय कसा लावू, म्हणून रडत बसली. घेतला वसा टाकवत नाही, हे मला कळतं. कोणी समजावलं, कोणी टोमणे मारले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी व्यापारी सूत परत न्यायला निघाला.

तेव्हा ठकूबाईनं पाळण्यातून नात उचलली आणि मागाच्या खड्ड्यात धरली. पोरीनं पाय झाडला. पट्टी दबली, ताण्याचे धागे वरखाली झाले.

“भिवरे, ही तुला दिवसभर लाथा मारते,” ठकूबाई म्हणाली, “तेव्हा तू काय कोपतेस?”

भिवराबाईनं डोळे पुसले, मागाला हात जोडले आणि ती खड्ड्यात उतरली. त्या एका मागाच्या मापावर पुढे एकोणसाठ माग उभे राहिले आणि त्या मागाभोवती हे देऊळ.

आजही घटस्थापनेला मागाईला पहिला पाय लागतो तो तान्ह्या बाळाचा, मग साऱ्या विणकरांचा. बाळ झोपलेलं असलं तर उठवत नाहीत. मुहूर्त टळला तरी चालतो. मागे एकदा हातमागांच्या कुठल्याशा नव्या योजनेचे साहेब फीत कापायला आले होते. बाळ गाढ झोपलेलं. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग आम्ही त्यांना सतरंजी दिली आणि हळू बोला म्हणून सांगितलं.