पाणी न मागणारं झाड

एका समुद्राकाठच्या राज्यात रवळू नावाचा माळी राजाची बाग सांभाळत असे. वाळकी काडी लावली तरी फुटावी, असा त्याचा हात होता.

एकदा गलबतातून एक व्यापारी आला. त्यानं राजापुढे एक हिरवंगार, पिसासारखं नाजूक झाड ठेवलं. "महाराज, याला ना पाणी लागतं, ना ऊन. तरी हे कधी कोमेजत नाही."

राजा हरखला. त्यानं कुंडी रवळूच्या हाती दिली आणि बजावलं, "हे सुकलं, तर तुझी चाकरी गेली म्हणून समज."

त्या दिवसापासून रवळूच्या जिवाला घोर लागला. सकाळी उठला की तो आधी कुंडीकडे धावे. झाड हिरवंच असे. पण महिना झाला, दोन महिने झाले, तरी एक नवी पालवी फुटली नाही की एक जुनं पान गळलं नाही. असलं झाड त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. एक दिवस धूळ पुसायला त्यानं ओलं फडकं फिरवलं, तर फडकं हिरवं झालं. बोलावं, तर राजा रागावेल. न बोलावं, तर झाड काही सुकत नव्हतं. तो गप्प बसला.

इकडे राजानं ठरवलं, राज्यभर हीच झाडं लावायची. व्यापाऱ्याला हजार रोपं आणायला धाडलं. आता बागांना पाणी हवंच कशाला? त्यानं पाट बंद करून पाणी राजवाड्यापुढच्या नव्या तलावाकडे वळवलं. आठ दिवसांत खालच्या वाडीतल्या सुपारीच्या रोपांनी माना टाकल्या. रवळू रोज त्याच वाटेनं घरी जाई आणि दुसरीकडे बघत चाले.

शेवटी त्याला राहवेना. झाडाची एक काडी मोडून तो बंदरावर चांगुणा कोळणीकडे गेला. समुद्राची तिला खडान्खडा माहिती. काडी बघताच ती खो खो हसली.

"माळीदादा, ह्ये झाड न्हाय, जनावर हाय! खाडीच्या तोंडाशी, पाण्याला ओढ असते ना, तिथं खडकांवर नि शिंपल्यांवर वाढतं. थंड दर्यात तर ह्याची रानंच्या रानं हायत म्हनं. गलबतांच्या बुडाला चिकटून मुलूखभर फिरतं. ह्यो नुसता सांगाडा, वरनं रंग फासलेला."

ओहोटी लागली तशी तिनं शिंपल्यासकट एक जिवंत तुरा काढला आणि समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बरणीत ठेवला. "आता हलू नको. बघ."

थोड्या वेळानं काडीकाडीवर बारीक तोंडं उमलली. केसाएवढे हात पसरून ती पाण्यातलं भक्ष्य धरू लागली. रवळूचा धक्का लागताच सगळी आत दडली.

बरणी घेऊन तो तडक दरबारात गेला. राजानं बरणीत पाहिलं. मग कुंडीतलं झाड उपटून पाण्यात बुडवलं. पाणी हिरवं झालं.

"तुला संशय कधी आला?" राजानं विचारलं.

"पंधरवडा झाला, महाराज."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

रवळूची मान खाली गेली. "सुकलं तर चाकरी जाईल, असं आपण म्हणाला होता. ते सुकत नव्हतं. मला तेवढंच पुरेसं वाटलं."

राजा म्हणाला, "भीती मी घातली, हा माझा दोष. पण रोपं तुझ्या गप्प बसण्यानं जळाली. पाट आत्ताच सोडा. आणि रवळू, वाडीतली रोपं तू स्वतः पुन्हा लाव."

रवळूनं एकूण एक रोप लावलं. त्यांना सुपारी धरायला सात वर्षं लागली.

तात्पर्य: जाणत्यानं भीतीपोटी गिळलेलं सत्य शेवटी निरपराधांच्या मुळावर येतं, म्हणून कळेल त्याच दिवशी बोलावं.