सहाव्यांदा मेलेला दशरथ

विश्राम केळुसकरांनी हिंदी पौराणिक मालिकांत पाच वेळा दशरथ केला आणि पाचही वेळा पुत्रशोकाने प्राण सोडला. मालिका वर्षभर चालायची, हे पंधराव्या भागात मोकळे!

सहाव्या मालिकेत दशरथाच्या चितेचं शूटिंग उंबरगावला होतं. नेमका त्याच पहाटे पालघरहून फोन आला, आई गेली. विश्रामभाऊ दिग्दर्शक बक्षींपुढे हात जोडून उभे राहिले. बक्षी सेटवर स्वतःला ब्रह्मदेवच समजायचे.

"रजा? आज?" ते कडाडले. "मग चितेवर कोणाला निजवू? तुझ्यासारखं प्रेत दुसऱ्या कोणाला जमणार आहे?"

विश्रामभाऊ मेकअपच्या खोलीत गेले.

दुपारी अग्नी देण्याआधीचा शॉट झाला. पांढऱ्या दाढीचा दशरथ फुलांत बुडून निपचित पडला होता. बक्षी गहिवरले. "बघा, श्वाससुद्धा दिसत नाही! याला म्हणतात तीस वर्षांची तपश्चर्या!"

दुसऱ्या दिवशी विश्रामभाऊ सेटवर आले ते मुंडण केलेल्या डोक्याने. बक्षी चक्रावले. "हे कधी केलंस? काल तर तू चितेवर होतास!"

"चितेवर आपला मेकअपमन पुंडलिक होता, साहेब. माझी दाढी लावून निजला होता. मी पालघरला होतो."

"म्हणजे मला फसवलंस?"

विश्रामभाऊंनी डोक्यावरून हात फिरवला.

"प्रेत कोणालाही जमतं, साहेब. माझ्या आईचा मुलगा मात्र दुसऱ्या कोणाला जमला नसता."