टिटवी राणी आणि काळ्या मातीचा गहू

एका राज्यात माती इतकी काळी आणि इतकी चिकट होती की आलेला पाहुणा लवकर परत जाऊ शकत नसे. लोक त्याला राज्याचे आदरातिथ्य म्हणत. पावसाळ्यात तेथे हत्ती गुडघ्यापर्यंत रुतत. उन्हाळ्यात त्याच जमिनीला अशा भेगा पडत की प्रधानाची काठी एकदा आत गेली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. राजाचे नाव अवनीध्वज. त्याला आपल्या मातीचा मोठा अभिमान होता. तीत गहू येत नसे, एवढे सोडले तर अभिमानाला जागाही होती.

एके दिवशी कर्दमनाथ नावाचा मांत्रिक दारी आला. राजाने त्याला पोळी वाढली आणि म्हणाला, "आमच्याच शेतातला गहू, नाथमहाराज."

मांत्रिकाने एक घास घेतला. "हा शेजारच्या राज्यातला आहे," तो म्हणाला.

राजा गोरामोरा झाला. ते पाहून राणी कुवलयेला हसू आवरेना. ती हसली नवऱ्याला. मांत्रिकाला वाटले, आपल्याला. थोरामोठ्यांचे गैरसमज लवकर होतात आणि उशिरा दूर होतात. त्याने कमंडलूतले पाणी शिंपडले, आणि पाटावर राणीच्या जागी एक टिटवी उभी राहिली.

"याच मातीत, केवळ आभाळाच्या पाण्यावर पिकलेल्या गव्हाची पोळी खाईल, तेव्हा ही पुन्हा राणी होईल," कर्दमनाथ म्हणाला. "हळूहळू ही बोलणे विसरत जाईल, आणि तिसऱ्या हंगामापर्यंत हे झाले नाही, तर टिटवीच राहील."

"खोटे मी बोललो. शाप मला द्यायचा होता," राजा म्हणाला.

"तुम्ही कुठे हसलात?" मांत्रिकाने विचारले, हात धुतले आणि तो निघून गेला.

पहिल्या वर्षी राजज्योतिषी गर्गभट यांनी पेरणीला दसऱ्याचा मुहूर्त काढला. शेतात पाणी उभे होते. पण मुहूर्त पाण्यासाठी थांबत नसतो. गहू पाण्यात पेरण्यात आला. त्या वर्षी बदकांचा हंगाम उत्तम गेला. दुसऱ्या वर्षी राजाने ओल्या चिखलात हत्तींकडून नांगर ओढून घेतला. चिखल वाळून त्याची अशी ढेकळे झाली की सेनापतीने ती गोफणीसाठी मागून घेतली. उरल्या जागेत गहू उगवला, पिवळा पडला आणि बसला.

टिटवी पहिल्या वर्षी पहाटेपासून राजाचे दोष सविस्तर सांगत असे. दुसऱ्या वर्षी ती थोडक्यात सांगू लागली. राजाला आधी जरा बरे वाटले. मग एका सकाळी तिला नुसता "महाराज" शब्द आठवायला बराच वेळ लागला, आणि राजा तिच्यामागोमाग शेतात गेला.

"राणी, तुझे पाय दिवसभर त्या चिखलात असतात," तो म्हणाला. "काय करू, तू सांग."

"पाणी सोडा," टिटवी म्हणाली.

राजाचा चेहरा उतरला. त्या जमिनीला उतार एकाच दिशेने होता आणि उताराच्या खाली राणीचा भाऊ तुंगसेन याचे राज्य होते. लग्नात कानपिळीच्या वेळी तुंगसेनाने राजाचा कान असा पिळला होता की वऱ्हाडी उठून उभे राहिले. त्याच साली राजाने सीमेवर उंच बांध घातला. मेहुण्याकडे थेंबही जायचा नाही, हा त्यामागचा हेतू. तो पूर्णपणे साध्य झाला होता. सगळे पाणी राजाच्याच शेतात साठत होते.

"त्याच्याकडे सोडू? त्या कानपिळ्याकडे?"

"दादा आहे माझा."

"आणि कान आहे माझा!"

टिटवीने मान वाकडी केली. "कान की मी?"

राजाने स्वतः कुदळ घेतली. उन्हाळ्यातच बांध फोडला, उताराच्या अंगाने चर खणला. टिटवी पुढे टुणटुण चालत सांगत होती, "उंच. रुंद. मध्ये सरी." सपाट शेताचे रुंद वाफे झाले आणि दोन वाफ्यांमध्ये पाण्याला वाट झाली. पुढे पाऊस लागला तो साचला नाही. सरीतून चरात आणि चरातून खाली गेला.

तेव्हा तुंगसेन घोड्यावर बसून सीमेवर आला. "भावोजी, तुमचे पाणी आमच्या हद्दीत येते आहे. युद्ध समजायचे का?"

"नाही. गहू पिकवतो आहे."

"पाणी सोडून देऊन?"

"तुमच्या बहिणीसाठी."

तुंगसेन घोड्यावरून उतरला. त्याने वाकून चरातले पाणी ओंजळीत घेतले. "येऊ द्या," तो म्हणाला. "आमचे तळे कोरडेच असते." मग जरा घुटमळला. "फार दुखला होता का हो?"

"थंडीत अजून ठणकतो."

हे पहिले काम झाले. दुसरे काम थांबण्याचे होते. गर्गभट पंचांग घेऊन आले. "महाराज, उद्याचा मुहूर्त टळला तर असा योग पुन्हा नाही."

राजाने शेतातली मूठभर माती घेतली, गोळा केला आणि खाली टाकला. तो गर्गभटांच्या जोड्यावर पडला आणि तेथेच चिकटला.

"थांबा," टिटवी म्हणाली.

माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा, अशी एक वेळ येते. तिला वाफसा म्हणतात, आणि ती पंचांगात नसते. राजा रोज गोळा टाकी. गर्गभट रोज पाय मागे घेत. शेवटी एका सकाळी गोळा पडला आणि भुगा झाला.

"पेरा," टिटवी म्हणाली. तो तिचा शेवटचा शब्द.

तिसरे काम काहीच न करण्याचे होते, आणि राजांना याहून अवघड काम नसते. गहू हिरवागार उगवला. पण आभाळ कोरडे ठणठणीत. वरची माती वाळली, मग तडकली. राजा टिटवीला विचारी आणि ती नुसती "टिटिवटिव" करी. अशात तुंगसेनाचे बैल दाराशी आले, पाठीवर पाण्याच्या पखाली. निरोप होता, "तळे तुमच्या कृपेने तुडुंब आहे. हवे तेवढे घ्या."

एक पखाल ओतली तर शाप कायम. न ओतली आणि गहू जळाला, तरी शाप कायम. राजा शेतात गेला, पालथा पडला आणि त्याने भेगेत खांद्यापर्यंत हात घातला. प्रधानाची काठी शोधताहेत, असे लोकांना वाटले. खोल तळाशी बोटांना गार ओल लागली, आणि त्या ओलीत उतरलेली गव्हाची मुळे लागली. राजा उठला. त्याने बैलांना चारा घातला आणि पखाली जशाच्या तशा परत पाठवल्या.

फाल्गुनात गहू कापला. बुटका होता, पण दाणा सोन्यासारखा आणि वजनदार. आचारी पुढे झाले. राजाने कुणाला हात लावू दिला नाही. त्याने स्वतः दळले, मळले, लाटले. जे झाले ते कुठल्याच आकारात बसत नव्हते. ते ताटात घेऊन तो शेतावर गेला.

टिटवी आता इतर टिटव्यांत मिसळली होती आणि राजाला ओळखत नव्हती. टिटव्या किडे खातात. पोळी खात नाहीत. राजा ताट मांडून बसला. त्याला पाहून ती उडाली, परत आली, पुन्हा उडाली. राजाने पापणीही हलवली नाही. ऊन उतरू लागले तशी ती जवळ आली, आणि ताटात काहीतरी काळे दिसले म्हणून तिने चोच मारली. तो पोळीचा करपलेला तुकडा होता.

तसा शाप सुटला. शेताच्या कडेला धुऱ्यावर राणी कुवलया बसलेली होती, आणि राज्य पहिल्यासारखे झाले, चिखल तेवढा वगळून.

राणी घास चावत राहिली.

"ही कुणी लाटली?" तिने विचारले.

"मी," राजा म्हणाला.

"एका बाजूने कच्ची आहे," राणी म्हणाली आणि तिने दुसरा घास घेतला.