गुलाबाच्या फुलांचा संगणक

कुडलवाडीच्या हायस्कुलात संगणकाची खोली होती आणि तिची किल्ली होती संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब खराडे यांच्या खिशात. धूळ बसेल, पोरं मोडतील, या धास्तीने त्यांनी सगळ्या संगणकांना गुलाबाच्या फुलांच्या कापडाच्या खोळी शिवून घातल्या होत्या. संगणकाचा तास भरायचा तो खिडकीबाहेर, उभ्या उभ्या.

एकदा शाळा तपासायला शिक्षणाधिकारी मॅडम आल्या. त्यांच्यावर छाप पाडावी म्हणून आप्पासाहेब त्यांना घेऊन थेट नववीच्या वर्गात शिरले आणि मुलांना म्हणाले, "आपल्या शाळेतल्या संगणकाचं चित्र काढा बघू! अगदी हुबेहूब पाहिजे."

कागद गोळा झाले आणि आप्पासाहेब चक्रावले. पहिल्या कागदावर फुलाफुलांचं गाठोडं होतं. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, तरी गाठोडंच. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तर गाठोड्याला दसऱ्याचा हारही घातलेला. ही उशी आहे, की गादी, की माझी थट्टा? त्यांना काही उमजेना.

"हा संगणक?" ते पहिल्या बाकावरच्या अल्फिया मुजावरवर खेकसले.

"हो साहेब. खिडकीतून दिसतो तस्सा. एकही फूल सोडलं नाही."

"अगं, आत स्क्रीन असतो, कीबोर्ड असतो, माउस असतो!"

अल्फियाने अदबीने मान डोलावली. "असेल साहेब. तुम्ही सांगताय म्हणजे असेलच."

मॅडमनी हसू दाबत किल्लीसाठी हात पुढे केला.