निळे हात

ऐका मंडळी, लहानांनी ऐका, थोरांनी ऐका. फार फार वर्षांपूर्वी समुद्रात एक बेट होतं. बेटावर निळीचे मळे होते, मळ्यांत निळीचे हौद होते, आणि त्या हौदांचा एक धनी होता. धनी स्वतः कधी हौदात उतरला नाही.

राबायला माणसं आली ती दोन किनाऱ्यांवरून. बर्फाकडची गोरी माणसं भुकेपायी आली, उन्हाकडची काळी माणसं पकडून आणली. दोघांनाही धनी म्हणाला, "ठरलेली वर्षं राबा, मग तुम्ही मोकळे."

हौदात उतरलं की कोपरापर्यंत हात निळे होत. गोरा हात निळा, काळा हातही निळा. एका गोरीची आणि एका काळीची तिथेच गट्टी जमली. दोघी एकमेकींना सई म्हणत, एका ताटात जेवत.

"अगं सई, माझ्या घासाला का हात घालतेस?"

"तुझा हात कुठला नि माझा कुठला, ओळखून दाखव आधी!"

वर्षं भरली. धनी सोडीना. तेव्हा सगळे मिळून त्याच्या हवेलीच्या दारावर गेले. दाराच्या गजांवर नुसते निळे हात! धन्याने आतून अडसर घातला. कारभारी त्याच्या कानाशी लागला, "सरकार, हे हात आधी वेगळे करा."

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. गोऱ्यांना हौदातून बाहेर काढलं, पायात जोडा दिला, काळ्यांवर नजर ठेवायला हातात काठी दिली. "तुम्ही आमच्यातलेच," धनी म्हणाला. आणि काळ्यांना काय? काळ्यांनी जन्मभर राबायचं. आई हौदात, तर मूलही हौदात. वर सांगितलं, की देवानेच त्यांना निळे हात देऊन पाठवलंय!

देवाचं नाव घेऊन हे बोलायला जीभ कशी धजली? ज्याचा सूर्य दोन्ही किनाऱ्यांवर उगवतो, तो असं सांगेल?

गोरीचे हात हळूहळू फिके झाले. हात फिके झाले, तशी आठवणही फिकी झाली.

पुढे गोरीला लेक झाला, मग काळीला मुलगी झाली. धन्याने मुद्दाम गोरीलाच पाठवलं. "जा, पोरीचे हात निळीत बुडव. जन्मतःच निळे दिसले पाहिजेत."

काळीने बाळाची मूठ उघडून दाखवली. "सई, बघ तरी. तळवे गुलाबी आहेत. तुझ्या लेकाचे होते ना, तसेच. तूच सांग त्यांना."

गोरीने बघितलं आणि मान फिरवली. "माझ्या पायात जोडा आलाय गं. तो काढायला लावू नकोस." आणि तिने ते एवढेसे हात निळीत बुडवले.

बाळ रडलं. आई रडली नाही. तिने पदराने ते हात पुसले, पण नीळ काही निघेना.

वर्षं गेली. गोरीचा लेक मोठा झाला, धन्याकडे मजुरी मागायला गेला. धनी खदाखदा हसला. "फुकटचे हात असताना तुला मजुरी कशाला देऊ? काठी आहे ना घरात? ती खा!"

लेक उपाशी परतला, तेव्हा कुठे गोरीच्या डोक्यात प्रकाश पडला. जोडा कधीच फाटला होता. मळा धन्याचा, नीळ धन्याची, काठीही धन्याचीच.

ती धावत हौदावर गेली. "सई, चुकले मी."

"मला काय सांगतेस? जिचे हात बुडवलेस, तिला सांग."

हौदात उभ्या मुलीने वर बघितलं. "आई तुम्हाला सई म्हणायची, म्हणून मावशी म्हणते. मावशी, रडणं राहू द्या. ती काठी मोडा आणि आत उतरा."

गोरीने गुडघ्यावर काठी मोडली आणि हौदात उतरली. मागोमाग तिचा लेक उतरला, मग आणखी काहीजण. सगळे नाही, पुष्कळजण काठी घट्ट धरून काठावरच उभे राहिले.

दिवेलागणीला हवेलीच्या गजांवर पुन्हा निळे हात दिसले. धनी ओरडला, "अरे, आपली माणसं कुठली, ओळखा!" कुणालाच ओळखता येईनात. काळीच्या लेकीने पहिला हिसका दिला, आणि दार बिजागरीसकट आडवं झालं.

तिच्या हातांची नीळ उतरायला फार दिवस लागले. पण तिला मूल झालं, तेव्हा त्याचे तळवे कुणी बुडवले नाहीत. गोरीला जी बुद्धी उशिरा सुचली, ती तुम्हाआम्हाला वेळेवर सुचो.

तात्पर्य: जो तुमच्या हातात काठी देऊन तुमच्या सोबत्याला बेडी घालतो, तो तुमचाही धनीच असतो, सोबती नव्हे.