चाटलेली वीट

डोकं म्हणजे काय असतं, ते मी त्या दिवशी आमच्या चावडीवर पाहिलं. धुरपदा धनगरणीचा मेंढा पोटातल्या जंतांनी रक्त शोषून पांढराफटक पडला होता. तो रोज आबा सरपंचाच्या गोठ्यात शिरायचा आणि म्हशींसाठी टांगलेली क्षारांची वीट चाटायचा. महिन्याभरात वीट संपली आणि मेंढा रक्तानं असा भरला, की पापणी उलटून पाहावी तर आतून लालबुंद. मग आबानं त्याला बांधूनच ठेवलं. धुरपदाच्या अख्ख्या कळपाला तेवढा एकच नर.

धुरपदा म्हणाली, "नवी वीट आणून देते, मेंढा सोडा."

"नवी नको. माझी वीट त्याच्या रक्तात गेली. म्हणजे रक्त माझं आणि मेंढाही माझा."

पंचांनी माना डोलावल्या. त्यांना दुसरं येतं काय?

धुरपदानं पदर सारखा केला. "न्याय पटला, आबा. दरसाल माझी मेंढरं तुमच्या रानात बसतात. त्यांच्या लेंड्यांवर तुमची ज्वारी पोसते. ती भाकरी खाऊन तुमच्या अंगात रक्त झालंय. म्हणजे तुमच्याच न्यायानं तुम्हीही माझे. उठा, काठी घ्या, मेंढरांना पाणी दाखवायचं राहिलंय."

पंचांनी सवयीनं पुन्हा माना डोलावल्या.

मागं बसलेली आबाची म्हातारी आई तेवढी बोलली, "सोड रं तो मेंढा. एकुलता एक ल्योक मी कुणाच्या कळपात धाडायची नाही."